साडेतेरा तास

ही शर्यत नव्हे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शेवटी "कितवी आलीस?" असं विचाराल आणि माझी पंचाईत होईल. फ्रेंच लोकांनी या प्रकाराला 'ब्रेव्हे' असं नाव दिलं आहे. ठरलेली वाट, ठरलेली वेळ, आणि तुम्ही नि तुमची सायकल. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. या तासांत तुम्ही जेवा, झोपा, पंक्चर काढा, नाहीतर कडेला बसून रडा; घड्याळ काही थांबत नाही. वेळेत पोचलेल्यांच्या नावापुढे वेळ लिहितात, नंबर लिहीत नाहीत. वाटेत ठराविक ठिकाणी थांबून कार्डावर शिक्का घ्यायचा. प्रत्येक शिक्क्याची वेळ ठरलेली, ती चुकली की तुमचा खेळ तिथंच आटोपला. एका सीझनमध्ये हे चारही टप्पे पुरे करणाऱ्याला 'सुपर रँडोनिअर' म्हणतात. नाव असं भारदस्त, की ऐकूनच पाय दुखावेत.

या सगळ्याचा कारभार पॅरिसचा एक जुना क्लब पाहतो. तिकडे पॅरिसहून ब्रेस्ट या बंदराच्या गावी जाऊन परत यायची 1200 किलोमीटरची एक मोठी फेरी असते. 1891 साली ती खरीखुरी शर्यत म्हणून सुरू झाली, पुढे हौशी लोकांची झाली. आता दर 4 वर्षांनी होते आणि 90 तासांत पुरी करावी लागते. 2023 साली झाली, तेव्हा आपल्याकडचेही पुष्कळ लोक गेले होते. त्यांची वर्णनं मी वाचली आणि माझ्या डोक्यात हा किडा शिरला. पॅरिसचं जाऊ द्या, पण पुण्याहून निघून बोरघाट उतरून, चढून, आमच्या पवन मावळातून वळसा घेऊन परत पुण्याला यायचं, असा 200 चा बेत डिसेंबरात आहे असं कळलं, तेव्हा मला राहवेना. वाट आमच्या दारावरून जाणार होती!

आता सायकलीविषयी. माझी सायकल डोंगरी जातीची. जाड टायर, त्यांवर बोटाएवढे खडबडीत दात, सरळ हँडल, पुढं धक्के खाणारा फोर्क, 21 गिअर आणि वजन म्हणाल तर उचलणाऱ्याला कळावं. पावसाळ्यातल्या सुट्ट्यांत लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात काम करून साठवलेल्या पैशांतून ती जुनी घेतली. गावापासून कॉलेजपर्यंत एसटीच्या वेळा नि माझ्या तासांच्या वेळा कधी जुळल्या नाहीत. गेली 2 वर्षं ती सायकलच मला पदवीच्या दिशेनं नेते आहे. चिखलात, खडीवर, बांधावर ती राणी. पण गुळगुळीत डांबरावर मात्र तिचे ते दात रस्त्याला धरून बसतात. पातळ टायरांच्या सायकली शेजारून सर्रकन निघून जातात आणि आपण गुंईं असा आवाज करीत मागं राहतो. जाणत्यांनी सांगितलं, टायर बदल, निदान हवा तरी कडक भर. हवा भरली. टायरांना पैसे कुठून आणायचे?

आमच्या घरात सायकल ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. अण्णांनी 1994 पासून 2016 पर्यंत सायकलवरून दूध घातलं. पहाटे 4 ला उठून धारा, मग मागच्या कॅरिअरला दोन्ही अंगांना कॅन लटकवून खिंड ओलांडून कामशेत. कामशेतला लोकल गाठायची, दूध चढवायचं, आणि रिकामे कॅन खडखडवत परत. जाऊन येऊन 24 किलोमीटर. पुढं दूध न्यायला टेम्पो दारात येऊ लागला आणि अण्णांच्या गुडघ्यांनीही रजा मागितली. त्यांची काळी सायकल अजून गोठ्यात आहे; तिच्यावर आता कोंबड्या बसतात.

अशा माणसापुढं जाऊन "मला पैसे भरून 200 किलोमीटर सायकल चालवायची आहे" असं म्हणायला केवढं धैर्य लागतं, याचा विचार करा. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसे देऊन दमायचं?"

"हो."

"आणि बक्षीस?"

"नसतं."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच सुमारास घरात स्कूटीचं चाललं होतं. मुलीची जात, अंधारात सायकलवरून येते, हे काही खरं नव्हे, असं आत्या येऊन सांगून गेली होती. स्कूटीच्या पहिल्या हप्त्यासाठी माझी सायकल विकायची असा विचार पक्का होत आला होता. शेवटी अण्णांनी निवाडा दिला : एकदा जा. त्यांनी दिलेल्या वेळेत आलीस तर सायकल राहील. नाही आलीस तर सोमवारी गिऱ्हाईक येईल. अण्णा खोटं बोलत नाहीत आणि बोललेलं विसरत नाहीत. माझ्यापुरती ही शर्यतच झाली, ती अशी.

आदल्या रात्री निगडीला मावशीकडे मुक्काम. पहाटे पुण्यात जमलो तेव्हा सगळ्यांच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं होती आणि तोंडातून वाफा निघत होत्या. माझ्या हेल्मेटखाली अण्णांची कानटोपी होती. ती घालून हेल्मेट काही केल्या बसेना, पट्टा सैल करावा लागला. बरोबर 6 ला सोडलं. पहिल्या 10 मिनिटांत बहुतेक सगळे माझ्या पुढं गेले.

जुन्या हमरस्त्यानं देहूरोड, सोमाटणे फाटा, तळेगाव. उजाडलं तेव्हा वडगावच्या अलीकडे होते. भात कापून झालेलं होतं. खाचरांत नुसती धसकटं, मध्येच पेंढ्यांच्या उडव्या, आणि सगळ्यावर गुडघाभर धुकं. इथल्याच संशोधन केंद्रातून 1987 साली 'इंद्रायणी' तांदूळ बाहेर पडला. शहरातली माणसं त्याच्या वासाचं कौतुक करतात. पण त्या वासाची गंमत भात शिजताना नसते, मळणीनंतरच्या पहाटे असते. (हे माझं मत. आजीला विचाराल तर ती जुन्या आंबेमोहोरापुढं कुणाला उभं करीत नाही.)

कामशेतला आल्यावर अण्णांची एक गोष्ट आठवली. ते सांगत, पहाटे गावातून निघताना दात वाजायचे, पण खिंडीत चढून गेलं की ऊब लागायची आणि पलीकडं उतरलं की पुन्हा कापरं. लहानपणी मला वाटे, चढाच्या श्रमानं होत असेल. पुढं भूगोलात वाचलं, हिवाळ्यात रात्री जमीन निवते, तिच्यालगतची थंड हवा जड होऊन उतारांवरून खाली ओघळते आणि खोऱ्यात तळ्यासारखी साचते. म्हणून डोंगराच्या खांद्यावर ऊब आणि पायथ्याला गारठा. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. अण्णांनी ते नाव कधी ऐकलं नाही, पण रोज पहाटे ते त्या तळ्यातून पोहून बाहेर येत होते.

इथून डावीकडं द्रुतगती महामार्ग अधूनमधून दिसत राहतो. त्यावर सायकलीला बंदी. त्याच महामार्गावर बऊरजवळ 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकऱ्यांचं आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. मी तेव्हा अगदी लहान. त्या दिवशी घरात मोठी माणसं दबक्या आवाजात बोलत होती आणि दूध नासून गेलं, एवढंच मला आठवतं.

कार्ल्याचा फाटा, मळवली, लोणावळा. चिक्कीची दुकानं नुकती उघडत होती. माझ्या जुन्या मालकांनी मला ओळखलं आणि हात केला. ग्राहक सोडून त्यांनी कुणाला हात केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. खंडाळ्यापुढं घाट उतरताना बोटं ब्रेकवर गोठली. पण जसजशी खाली जावं तसतशी हवा बदलत जाते. कोकणाची ओलसर ऊब चेहऱ्याला लागते, आणि खोपोलीत पोचेतो कानटोपी खिशात गेलेली असते. 80 किलोमीटरचा पहिला शिक्का तिथं. 11 वाजून 20 मिनिटांपर्यंत मुदत. मी 10.35 ला पोचले. दोन केळी, एक वडापाव, पाणी. आणि मग वर पाहिलं.

बोरघाट मी एसटीतून अनेकदा चढले आहे. एसटीत घाट म्हणजे खिडकीबाहेरचं चित्र. सायकलवर घाट म्हणजे पुढच्या चाकाखालचं डांबर, बस्स. आठ-दहा किलोमीटरांत 500 मीटरांच्या आसपास चढायचं. लहानात लहान गिअर टाकला, आणि इथं मात्र माझ्या बाईसाहेबांची जात कामी आली. पातळ टायरांच्या सायकलींना एवढा हलका गिअर नसतो. त्यांचे स्वार उभं राहून पायडलवर नाचत होते, आणि मी बसल्या बसल्या, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं का होईना, पण जात होते. सकाळी ज्यांनी मला मागं टाकलं त्यांतले तिघे मला घाटात भेटले. दोघे हातात सायकल धरून चालले होते. चालायला बंदी नाही. पण घाट चालून चढायचा नाही असं मी ठरवलेलं होतं, कारण पूर्वी मुंबई-पुणे सायकल शर्यत याच घाटातून जायची आणि घाट सर्वांआधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून बक्षीस असायचं. अण्णा तरुणपणी कामशेतला कॅन घेऊन उभे असताना त्यांनी ती शर्यत जाताना पाहिली होती. "रंगीत पाखरांचा थवा गेल्यासारखा गेला," असं ते सांगतात. अण्णांच्या तोंडून निघालेली एवढीच एक उपमा मला ठाऊक आहे.

अर्ध्या वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट सापडेना, ती एका धनगरानं दाखवली आणि वाट दाखवल्यावर त्यालाच मारलं, अशी कथा आहे. ती इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल ते उतरो. गाडीरस्ता 1830 साली खुला झाला, आगगाडी 1863 साली घाट चढली, आणि ती चढावी म्हणून जे हजारो मजूर तापानं, पटकीनं, सुरुंगांनी मेले त्यांची देवळं कुणी बांधली नाहीत. सगळ्यांच्या वाटचा एक शिंग्रोबा आहे, असं मी समजते. ट्रकवाले जाता जाता नाणं टाकतात. मीही टाकलं. थांबायला निमित्त हवं होतं, हेही खरं!

लोणावळ्याला परत आले तेव्हा 12.20 झाले होते. दुसरा शिक्का पवनानगरला, 120 व्या किलोमीटरवर, दुपारी 2 पर्यंत. 25 किलोमीटर, मध्ये दुधिवरे खिंड, आणि माझ्याकडं 1 तास 40 मिनिटं. एरवी हा हिशेब सोपा आहे. पण घाटानं मांड्यांतलं सगळं काढून घेतलेलं होतं. औंढोलीपाशी डावा पाय आखडला. खाली उतरून, दात ओठ खात, दगडावर टाच टेकवून शिरा ताणल्या. 6 मिनिटं गेली. त्या 6 मिनिटांत मी सोमवारचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर पाहिलं. ते कसं टायर दाबून पाहील, गिअर फिरवून पाहील, भाव पाडून मागेल, सगळं.

खिंड ओलांडली आणि खाली पवनेचं पाणी दिसलं. पलीकडं तुंग, त्याच्या पुढं तिकोना, पाठीशी लोहगड. हा देखावा पाहायला पुण्यामुंबईची माणसं तंबू घेऊन येतात. मला त्या पाण्यात आजीचं माहेर दिसतं, कारण ते त्याच्या तळाशी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं. माहेरची घरं काही वर येत नाहीत. उतारावर ब्रेक शक्यतो धरलेच नाहीत. पवनानगरच्या शिक्क्यावर वेळ पडली 1.52.

आता जे सांगणार आहे ते खरं तर मला सांगायचं होतं, बाकीचं त्याच्यासाठी लिहिलं.

ब्रेव्हेचा एक कडक नियम आहे. आपल्या माणसांची मदत फक्त शिक्क्याच्या ठिकाणी घ्यायची. वाटेत दुकानातून, हॉटेलातून विकत घेतलेलं चालतं, पण घरच्यांनी वाटेत येऊन डबा देणं, पाणी देणं चालत नाही. पाहायला कुणी नसतं. नियम पाळणाऱ्याच्या मनावर सोडलेला आहे, आणि म्हणूनच तो मोडणं जड जातं. मी आजीला 8 दिवस आधी समजावलं होतं, "तुला भेटायचं असेल तर पवनानगरला ये, तिथं चालतं." आजी म्हणाली, "माज्या दारावरनं जाणार तू, आन् मी पवनानगरला येऊ?" या तर्काला उत्तर नाही.

तिकोन्याच्या वाटेवर आमच्या गावच्या फाट्याला आजी बसलेली लांबूनच दिसली. पोतं अंथरलेलं, पुढं टोपली, टोपलीवर फडकं, शेजारी पाण्याची कळशी. मी थांबले. तिनं फडकं काढलं. तांदळाच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा, आणि गुळाचे खडे. सकाळपासून केळी नि वडापाव यांवर जगलेल्या माणसापुढं तो वास आला, तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते लिहिण्याजोगं नाही.

"आजे, मला नाही खाता येत."

"का गं? दात पडले?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"पॅरिसचा."

आजीनं माझ्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं, जणू पॅरिस कुठूनसं येत असेल. तिचा चेहरा उतरला. पहाटेपासून चुलीपुढं बसलेल्या म्हातारीला मी परक्या गावच्या नियमासाठी भाकरी परत करीत होते. कडेवरची सायकल विकली गेली तरी चालेल, पण हे नको, असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात घाटात चालत असलेल्यांपैकी एकजण मागून आला, चष्म्याचे, पांढऱ्या मिशांचे, माझ्या प्राध्यापकांच्या वयाचे. पाणी संपलं होतं वाटतं, कळशी पाहून थांबले. आजीनं त्यांना काही विचारलं नाही. तांब्या भरून दिला, आणि भाकरीवर ठेचा घालून त्यांच्या हातात ठेवली.

"अहो आजी, पैसे—"

"वारीला कुनी पैसं घेतं व्हय? खा."

मग ती माझ्याकडं वळली. "याला दिली, तशीच तुला. मागनं येतील त्यांनाबी देनार. तू माजी न्हाईस आत्ता. झालं?"

मी भाकरी घेतली. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला, त्यांतली दोघं बूट घातलेली, एका शब्दाशिवाय जेवलो. मागून आणखी चार-पाचजण आले, त्यांनाही मिळाली. त्यांतल्या एकानं तर ठेच्यानं डोळ्यांत पाणी आणून आणखी मागितला. सगळ्यांना सारखं, म्हणजे ती माझी मदत राहिली नाही, हा आजीचा कायदा. पुण्यात पोचल्यावर कार्ड देताना मी हा सगळा प्रकार तिथल्या स्वयंसेवकाला सांगितला. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाकरी संपल्या का सगळ्या?"

पुढचा रस्ता जवणवरून कोळवणकडं. हा रस्ता जागोजागी उखडलेला. पातळ टायरांचे लोक खड्डे चुकवत नागमोडी चालले होते आणि माझी सायकल आपल्या माहेरी आल्यासारखी सरळ धावत होती. तांदळाची भाकरी अंगात उतरत होती. सकाळचं सगळं कर्ज मी तिथं फेडलं. पौडच्या पुढं मात्र रहदारी सुरू झाली. 6 ला सूर्य गेला, पिरंगुटपासून ट्रकांचे लाल दिवे, धूर, हॉर्न. भूगावच्या गर्दीत 20 मिनिटं गेली. चांदणी चौकातून शहर दिसलं तेव्हा मी आनंदानं ओरडावं अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मी फक्त घड्याळ पाहिलं. शेवटच्या शिक्क्यावर 7 वाजून 11 मिनिटं. मुदत साडेसातची होती.

दुसऱ्या दिवशी घरी गेले. अण्णा गोठ्यात होते. कार्ड दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, शिक्के मोजले. मी आदल्या रात्री मावशीकडे केलेला एक हिशेब त्यांना सांगितला : रोजचे 24 किलोमीटर, 22 वर्षं, खाडा न धरता 1,92,720 किलोमीटर, पृथ्वीला जवळजवळ 5 फेऱ्या. अण्णा विचारात पडले. मग म्हणाले, "त्यातली अर्धी वाट कॅन रिकामे होते. ती कशी धरतेस?"

स्कूटीचा विषय त्यानंतर निघालेला नाही. सोमवारी गिऱ्हाईक आलं नाही; मंगळवारी अण्णांनी माझ्या सायकलची चेन घासून तिला तेल घातलेलं दिसलं. कार्डं तपासून पॅरिसला कळवतात आणि तिकडून प्रत्येकाला एक नोंदक्रमांक येतो. तो यायला वेळ लागतो. तोवर 300 ची तारीख लागली आहे. वाट पुन्हा पवनानगरवरून. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "किती मान्सं येनार त्ये आदी सांग. त्या बेतानं पीठ दळून आनते."